वाया भटिंडा : इंग्रजी साहित्याच्या अभ्यासात दुसऱ्या आधुनिक भाषेचे स्थान

संज्ञेचा प्रश्न

विद्यापीठांच्या व्यवहारात ‘आधुनिक भाषा’ ही संज्ञा काळापेक्षा प्रतिष्ठेशी अधिक जोडलेली राहिली आहे. युरोपातील जुन्या विद्यापीठांत ग्रीक आणि लॅटिन या ‘अभिजात’ भाषा होत्या, म्हणजे ज्यांचे व्याकरण स्थिरावले आहे, ज्यांत काटेकोर परीक्षा घेता येते आणि ज्या शिकल्याने माणूस सुसंस्कृत होतो असे समजले जाई अशा भाषा. उलट फ्रेंच, जर्मन, इटालियन या घरीदारी बोलल्या जाणाऱ्या भाषा ‘आधुनिक’ ठरल्या, म्हणजे प्रवासाला, व्यापाराला आणि राजनैतिक शिष्टाईला उपयोगी, परंतु पदवीच्या तोलाच्या नव्हेत. इंग्रजीचे स्थान याच दुसऱ्या ओळीत होते. केंब्रिजमध्ये इंग्रजीचा अभ्यास आरंभी मध्ययुगीन व आधुनिक भाषांच्या परीक्षेचाच एक भाग होता आणि तिची स्वतंत्र ऑनर्स परीक्षा, जिला तेथे ‘ट्रायपॉस’ म्हणतात, १९१७ साली सुरू झाली. ज्या विषयाच्या पदव्या आज जगभर दिल्या जातात, तो विषय आपल्या जन्मस्थानी शेजारच्या भाषांचे बोट धरूनच वर्गात शिरला, ही गोष्ट इंग्रजी विभागांच्या स्मरणातून बहुधा निसटलेली असते.

भारतात या संज्ञेला दोन अर्थ चिकटले. संस्कृत, अरबी आणि फारसी या अभिजात भाषा ठरल्या. मराठी, पंजाबी, बंगाली यांना ‘आधुनिक भारतीय भाषा’ म्हटले गेले. आणि फ्रेंच, जर्मन, रशियन यांनाही आधुनिक भाषाच म्हणत असले तरी त्यांची सोय ‘परकीय भाषा’ या वेगळ्या फलकाखाली करण्यात आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यापासून मराठी एकाच वेळी अभिजात आणि आधुनिक अशी दोन्ही झाली आहे, यावरून या वर्गीकरणाची लवचिकता ध्यानात यावी. इंग्रजी मात्र यांपैकी कोणत्याच फलकाखाली आली नाही. तिचा विभाग स्वतंत्र राहिला, आणि एकभाषी राहिला. म्हणजे इंग्रजी साहित्यात एम.ए. होण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही भाषेतील साहित्य मुळातून वाचता येण्याची अट सर्वसाधारणपणे घातली गेली नाही. या एकभाषीपणाची किंमत काय, आणि तो सोडायचा तर कोणत्या वाटेने, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असून त्यासाठी चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाचे उदाहरण मध्यवर्ती धरले आहे, कारण भाषा आणि इंग्रजी यांच्या संबंधाचा जितका उघड, आणि काहीसा विनोदीही, इतिहास या विद्यापीठाला लाभला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कोणाला लाभला असेल.

लाहोरचा वारसा

हे विद्यापीठ मूळचे लाहोरचे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाल्यानंतर १८८२ साली लाहोरला चौथे विद्यापीठ उभे राहिले. आधीच्या तिघांचा साचा लंडनच्या परीक्षा-विद्यापीठाचा होता. पंजाबात मात्र गॉटलीब विल्हेल्म लाइटनर या हंगेरीतील पेस्त शहरी जन्मलेल्या बहुभाषी पंडिताने वेगळाच आग्रह धरला. १८६४ साली लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारणाऱ्या लाइटनरांचे म्हणणे असे होते, की पौर्वात्य विद्येला उत्तेजन मिळावे आणि पाश्चात्त्य ज्ञान लोकांच्या भाषांतून लोकांपर्यंत पोचावे. त्यातून ओरिएंटल कॉलेज उभे राहिले आणि भाषावार परीक्षांची एक मोठी उतरंड तयार झाली : संस्कृतसाठी प्राज्ञ, विशारद व शास्त्री, अरबीसाठी मौलवी, मौलवी आलिम व मौलवी फाजिल, फारसीसाठी मुन्शी फाजिलपर्यंतच्या पायऱ्या, आणि कालांतराने हिंदीसाठी रत्न, भूषण व प्रभाकर, उर्दूसाठी अदीब फाजिल, तर पंजाबीसाठी ज्ञानी.

या रचनेने भाषांना मान दिला, परंतु विद्यापीठाचे दोन वाडेही करून टाकले. एका वाड्यात इंग्रजी, तिच्यातून मिळणारी पदवी आणि त्या पदवीतून मिळणारी नोकरी. दुसऱ्या वाड्यात शास्त्री, मौलवी आणि ज्ञानी. दोन्ही वाड्यांत ज्यांची ये-जा होती अशी माणसे थोडी होती, आणि त्यांच्याकडे पाहिले म्हणजे ही ये-जा काय घडवू शकते हे कळते. महंमद इक्बाल यांनी गव्हर्नमेंट कॉलेजमधून बी.ए. करताना इंग्रजी साहित्य, तत्त्वज्ञान आणि अरबी हे विषय घेतले होते; पुढे ते ओरिएंटल कॉलेजात अरबीचे अध्यापक झाले आणि १९०८ साली त्यांना म्युनिकची डॉक्टरेट मिळाली. फैज अहमद फैज यांनी गव्हर्नमेंट कॉलेजमधून इंग्रजीत एम.ए. केले आणि ओरिएंटल कॉलेजमधून अरबीतही, मग अमृतसरला इंग्रजी शिकवीत उर्दूत कविता लिहिली.

इक्बालांच्या उदाहरणातला एक धागा थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. हाफिजची फारसी कविता ऑस्ट्रियन पंडित हामर यांच्या जर्मन भाषांतरातून गटेच्या हाती पडली. तिच्या ओढीने गटेने १८१९ साली आपला ‘पश्चिम-पूर्व दिवाण’ प्रसिद्ध केला. आणि त्या दिवाणाला उत्तर म्हणून इक्बालांनी १९२३ साली ‘पयामे मश्रिक’, म्हणजे पूर्वेचा संदेश, हा संग्रह फारसीत लिहिला. हाफिजच्या शीराजहून निघालेली कविता गटेच्या वायमारला जाऊन लाहोरमार्गे पुन्हा फारसीत परतली आणि या साऱ्या फेऱ्यात तिला इंग्रजीचे ठाणे लागलेच नाही. जगातले साहित्य इंग्रजीतून उपलब्ध होते म्हणजे ते इंग्रजीतूनच वाहते, असा जो समज एकभाषी अभ्यासातून नकळत बळावतो, त्याला याहून सोपे उत्तर नाही.

भटिंड्याचा फेरा

पंजाबी समाजात ‘बी.ए. वाया भटिंडा’ असा एक वाक्प्रचार अनेक वर्षे रूढ होता. भटिंडा हे अनेक लोहमार्ग एकत्र येणारे मोठे जंक्शन. तेथून जाणे म्हणजे सरळ रस्ता सोडून वळसा घेऊन मुक्कामाला पोचणे. वाक्प्रचारातली खोच परीक्षेच्या नियमांत होती. ज्याने ज्ञानी, प्रभाकर किंवा अदीब फाजिल यांसारखी भाषेची वरची परीक्षा उत्तीर्ण केली, त्याला मॅट्रिक, इंटर आणि बी.ए. या पायऱ्यांवर बाकीच्या विषयांतून सूट मिळून केवळ इंग्रजीच्या परीक्षेला बसता येत असे. महाविद्यालयाचा उंबरा न ओलांडता, घर किंवा नोकरी सांभाळून, खासगी अभ्यासावर पदवीधर होण्याचा हा मार्ग होता. गणित, इतिहास, अर्थशास्त्र यांच्या घाटातून न जाता पदवीला पोचणाऱ्यांवर नियमित विद्यार्थ्यांनी केलेली ही कोटी होती आणि तिच्यात तुच्छता काठोकाठ भरलेली होती.

परंतु थट्टा बाजूला ठेवून पाहिले तर या मार्गाने जाणारा उमेदवार दोनच गोष्टींचा अभ्यास करीत होता : एक आधुनिक भारतीय भाषा, तिच्या साहित्य, व्याकरण आणि छंदशास्त्रासह, आणि इंग्रजी. ‘इंग्रजी साहित्याबरोबर एक आधुनिक भाषा’ असे ज्या अभ्यासक्रमाचे वर्णन इतरत्र मोठ्या अभिमानाने होते, त्याचा सांगाडा पंजाबात आडवाटेचा म्हणून हिणवला जात होता. या मार्गातला खरा दोष विषय थोडे असण्यात नव्हता. ज्ञानीची प्रश्नपत्रिका आणि इंग्रजीची प्रश्नपत्रिका यांची एकमेकींशी कधी गाठच पडली नाही, हा तो दोष. भाषेची परीक्षा हे सवलतीचे तिकीट झाले आणि इंग्रजीची परीक्षा हा शेवटचा अडथळा. एका भाषेच्या वाचनाने दुसरीच्या वाचनात काय फरक पडतो, हे विचारणारा प्रश्न कोणत्याही पत्रिकेत नव्हता.

फ्रेंच आराखड्याचे नगर

फाळणीनंतर भारतातल्या पंजाबसाठी नवे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे कार्यालय सोलनला आणि अध्यापनाचे विभाग होशियारपूर, जालंधर, अमृतसर, दिल्ली असे विखुरलेले होते. १९५६ पासून ते चंडीगडला येऊ लागले आणि सेक्टर १४ मधले त्याचे आवार वास्तुविशारद प्येर जानरे यांच्या आराखड्यानुसार आकाराला आले. पाण्यात उमलल्यासारखे दिसणारे तेथील गांधी भवन ही जानरे यांचीच रचना. जानरे आणि नगराचा आराखडा करणारे त्यांचे चुलतभाऊ ल कॉर्बुझिए दोघेही फ्रेंचभाषी स्विस असल्याने या नगराच्या बांधणीत फ्रेंच भाषा शब्दशः मुरलेली आहे. चंडीगडचे रस्ते व्ही-१ ते व्ही-७ अशा सात श्रेणींत विभागलेले आहेत : पहिली श्रेणी नगराला बाहेरच्या गावांशी जोडते, तिसरी सेक्टरांना वेढते, चौथीवर बाजार भरतो आणि सातवी हिरव्या पट्ट्यांतून पायी चालणाऱ्यांसाठी राखलेली आहे. नकाशावरचे हे अक्षर सहजपणे इंग्रजी म्हणून वाचले जाते. मुळात ते ‘व्वा’ या उच्चाराच्या, वाट असा अर्थ असलेल्या फ्रेंच शब्दाचे आद्याक्षर आहे. कॉर्बुझिए यांच्या चमूत काम केलेल्या वास्तुविशारद युली चौधरी यांना फ्रेंच उत्तम येत असे आणि कॉर्बुझिए यांच्या मानवी वसाहतींविषयीच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. नगर उभारणीच्या कामात दुसरी आधुनिक भाषा ही हौस नसून हत्यार असते, हे येथे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

विद्यापीठाच्या आवारातही भाषांची वाण कधी नव्हती. इंग्रजी, हिंदी, पंजाबी, उर्दू आणि संस्कृतबरोबर फ्रेंच, जर्मन, रशियन, चिनी आणि तिबेटी यांचे अध्यापन तेथे होत आले. बनारस सोडल्यानंतर आचार्य हजारीप्रसाद द्विवेदी साठच्या दशकात येथे हिंदीचे प्राध्यापक होते आणि त्याच दशकात मुल्कराज आनंद येथे टागोर प्राध्यापकपदावर होते. आनंदांची ‘अनटचेबल’ ही १९३५ ची कादंबरी इंग्रजीत असली तरी तिच्यातल्या माणसांच्या शिव्या, लाडीगोडी आणि सुस्कारे पंजाबी-हिंदुस्तानी बोलींतून जसेच्या तसे उचललेले आहेत. ज्याला त्या बोली ठाऊक नाहीत त्याला ते संवाद ओबडधोबड इंग्रजी वाटतात, आणि ज्याला त्या ठाऊक आहेत त्याला दोन आवाज एकाच वेळी ऐकू येतात. असे असूनही परकीय भाषांचे शिक्षण मुख्यतः प्रमाणपत्र, पदविका आणि प्रगत पदविका या तीन पायऱ्यांवर, मूळ पदवीच्या जोडीला, उरलेल्या वेळात करण्याची रीत पडली. इंग्रजीचा विद्यार्थी सकाळी एलियट वाचतो आणि दुपारनंतर दुसऱ्या इमारतीत फ्रेंच क्रियापदे घोकतो. एलियटच्या १९२२ च्या ‘द वेस्ट लँड’मध्येच फ्रेंच, जर्मन आणि इटालियन ओळी आहेत व शेवट संस्कृतात आहे, ही गोष्ट दोन्ही वर्गांत मिळून कोणी एकाने सांगावी अशी व्यवस्था मात्र नसते. भटिंड्याचा फेरा नव्या नगरात असा टिकून राहिला.

एकेरीवर येणे

दुसरी भाषा इंग्रजी साहित्याच्या वाचनात नेमके काय करते, हे एका लहानशा सर्वनामावरून पाहता येते. आजच्या इंग्रजीत समोरच्या माणसासाठी ‘यू’ हे एकच सर्वनाम उरले आहे. शेक्सपिअरच्या काळी त्याबरोबर ‘दाउ’ हेही वापरात होते आणि या दोहोंतली निवड नात्यानुसार, दर्जानुसार आणि रागलोभानुसार होत असे. ‘किंग लिअर’च्या पहिल्या प्रवेशात राजा धाकट्या मुलीला दरबारी रीतीने ‘यू’ म्हणून बोलते करतो, तिचे उत्तर मनाजोगे नाही असे दिसताच सर्वनाम बदलतो आणि तिला नाकारताना ‘दाउ’वर येतो. त्याहून धक्कादायक म्हणजे तिची बाजू घेणारा केंट हा सरदार भर दरबारात खुद्द राजाला ‘दाउ’ म्हणतो आणि वर म्हाताराही म्हणतो. केवळ आजची इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘दाउ’ हा जुन्या काव्यातला एक भारदस्त शब्द असतो. तो टीप वाचतो आणि पुढे जातो. मराठी विद्यार्थ्याला मात्र एवढेच सांगणे पुरते, की केंट एकेरीवर आला. राजाशी एकेरीवर येणे म्हणजे काय, त्यानंतर हद्दपारीची शिक्षा का अटळ होते, हे समजून घ्यायला मग त्याला टीप लागत नाही.

मराठीत ‘अरेतुरे करणे’ आणि ‘अहोजाहो करणे’ असे जे वाक्प्रयोग आहेत, त्यांच्याशी जुळणारी दोन स्वतंत्र क्रियापदेच फ्रेंचमध्ये आहेत : ‘तुत्वाये’ आणि ‘वुव्वाये’. पंजाबीत ‘तूं’ आणि ‘तुसीं’ आहेत, जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’. या जोड्या सारख्या दिसतात, पण त्यांची वळणे सारखी नाहीत, आणि शिकण्यासारखे जे आहे ते या फरकांत आहे. जुन्या वळणाच्या मराठी घरात आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात, पण देवाला पुन्हा ‘तू’ म्हणतात. विठोबाला अहोजाहो करणारा वारकरी सापडणे कठीण. इंग्रजी प्रार्थनांतही देवाला ‘दाउ’ म्हटले जाते. तो शब्द रोजच्या बोलण्यातून गेल्यामुळे आज त्यात आदराचा भास होतो, मुळात मात्र ती विठोबाच्या ‘तू’इतकीच जवळिकीची हाक होती. काळाने एका शब्दाचा अर्थ असा उलटा केला, हे इंग्रजीच्या आत बसून कळत नाही. शेजारच्या भाषेच्या खिडकीतून पाहिल्यावर कळते.

येथे असा आक्षेप घेता येईल, की मग मातृभाषा पुरेशी आहे, फ्रेंच वा जर्मन कशाला हवी. तो अर्धा बरोबर आहे. मातृभाषा हीच पहिली ‘दुसरी आधुनिक भाषा’ होय आणि इंग्रजीच्या वर्गाने तिला आधी आत घेतले पाहिजे. परंतु मातृभाषेतल्या निवडी बोलणाऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या असल्याने त्या निवडी आहेत हेच त्याला जाणवत नाही. फ्रेंच शिकताना ‘तू’ म्हणावे की आदरार्थी ‘वू’ म्हणावे यावर अडखळलेला विद्यार्थी घरी परतून आपल्याच ‘तू’कडे प्रथमच नीट पाहू लागतो. तिसऱ्या भाषेचा लाभ असा पहिल्या दोन भाषांच्या खात्यावर जमा होतो.

मराठीचा अनुभव

मराठीत ही दुहेरी साधना झाली, पण ती विद्यापीठाच्या रचनेबाहेर, व्यक्तींच्या बळावर झाली. मुंबई विद्यापीठाने १८६० च्या दशकात देशी भाषांना वरच्या परीक्षांतून बाहेर काढून अभिजात भाषांना प्राधान्य दिले होते. त्यांना परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी दीर्घ प्रयत्न केला आणि १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर लिहिलेले त्यांचे टिपण त्याच खटाटोपाचा भाग होते. मराठी एम.ए.च्या परीक्षेत आली ती १९०१ साली, ज्या वर्षाच्या आरंभीच रानडे गेले. पुढे मराठी विभाग वाढले, इंग्रजी विभागही वाढले, आणि दोहोंमधली भिंत तशीच राहिली. ती ओलांडणारे बहुधा इंग्रजीचे प्राध्यापक होते. विंदा करंदीकरांनी इंग्रजी शिकवीत ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, गटेचा ‘फाउस्ट’ आणि शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ मराठीत आणला; रा. भा. पाटणकरांनी इंग्रजी विभागात राहून ‘सौंदर्यमीमांसा’ मराठीत लिहिली, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत होते. भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजी, मराठी आणि तौलनिक साहित्य या तिन्ही विषयांचे अध्यापन केले. ही परंपरा अभिमानाची आहे. मात्र यांच्यापैकी कोणाचीही दोन भाषांमधली ये-जा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेत कोठे उमटत नव्हती, हेही तितकेच खरे.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग अनेक दशके चालत आला आहे आणि ‘रानडेला जर्मन केले’ हे वाक्य पुणेरी घरांत सहज कानावर पडते. ज्यांनी मराठीसाठी विद्यापीठाचे दार ठोठावले, त्यांच्याच नावाच्या वास्तूत जर्मन आणि फ्रेंच शिकवली जावी हा योग सुंदर आहे. परंतु ‘केले’ या क्रियापदात चंडीगडच्या पदविकेसारखाच सूर आहे. भाषा केली, प्रमाणपत्र मिळाले, विषय संपला.

व्यवस्थेचा प्रश्न

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय आणि गौण विषय यांची मुभा दिल्याने इंग्रजीबरोबर फ्रेंच किंवा पंजाबी घेणे आता नियमांत बसते. श्रेयांकांच्या, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजल्या जाणाऱ्या गुणभाराच्या, कोष्टकात दोन्ही विषय शेजारी शेजारी येतात. शेजारी येणे म्हणजे भेटणे नव्हे, हा मात्र भटिंड्याचा धडा आहे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी आणि एक आधुनिक भाषा यांची जोडपदवी चार वर्षांची असते व त्यातले एक वर्ष त्या भाषेच्या प्रदेशात काढायचे असते. भारतीय विद्यापीठांना ही चैन परवडणारी नाही. जे परवडते ते असे, की दोन्ही विभागांनी मिळून एक प्रश्नपत्रिका चालवावी, तिला समांतर वाचन म्हणता येईल. एक लहान मूळ संहिता, तिचे एक किंवा दोन इंग्रजी अनुवाद, आणि अनुवादकाला जेथे निवड करावीच लागली अशा तीन जागांवर विद्यार्थ्याने लिहिलेले विवेचन, एवढे तिचे स्वरूप असावे.

यावर पहिली शंका पातळीची येते. परकीय भाषांच्या युरोपीय मोजपट्टीवर सहा पायऱ्या आहेत आणि साहित्य सलगपणे वाचता येण्यासाठी साधारण चौथीपर्यंत चढावे लागते. पदवीच्या तीन-चार वर्षांत तेथे पोचणे सर्वांना जमत नाही. परंतु बारा ओळींची कविता शब्दकोश हाताशी घेऊन दुसऱ्या वर्षीच वाचता येते, आणि ती सावकाश वाचावी लागते हाच तिचा फायदा आहे, कारण इंग्रजी कवितेची सवय झालेला विद्यार्थी ती फार भरभर वाचतो. दुसरी शंका उपयोगाची : परकीय भाषा शिकणाऱ्याला नोकरी हवी असते, साहित्य नव्हे. भाषांतर हेच ज्या नोकरीचे काम आहे, तिच्यासाठी दोन मजकुरांमधला फरक तपासण्याहून चांगली तालीम सापडणे अवघड आहे. तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे. पंजाबातल्या खेड्यातून आलेल्या मुलीला पंजाबी आणि हिंदीनंतर इंग्रजीच तिसरी असते. तिच्यावर चौथी भाषा लादणे अन्यायाचे होईल. त्याचे उत्तर लादण्यात नाही, मोजण्यात आहे. तिची पंजाबी हीच समांतर वाचनातली दुसरी भाषा धरली, तर ज्या ठिकाणी ती आजवर मागे पडलेली मानली जात होती, त्याच ठिकाणी ती वर्गातल्या अनेकांच्या पुढे असते.

लाइटनरांनी उभारलेल्या परीक्षांच्या उतरंडीत भाषेला प्रतिष्ठा होती, पण इंग्रजीशी संवाद नव्हता. चंडीगडच्या फ्रेंच आराखड्यात दोन भाषा एका नकाशावर होत्या, पण वर्गात नव्हत्या. मराठीच्या इंग्रजी प्राध्यापकांनी हा संवाद साधला, पण पदवीच्या बाहेर. तिन्ही ठिकाणी सामग्री तयार होती आणि तिला जोडणारी एक प्रश्नपत्रिका तेवढी नव्हती. ज्ञानीची परीक्षा देऊन केवळ इंग्रजीला बसणाऱ्या उमेदवाराला ‘तूं’ आणि ‘तुसीं’ यांतले अंतर घरातूनच ठाऊक होते. केंट राजाशी एकेरीवर येतो तेव्हा काय घडते, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नसते. त्याला ते कोणी विचारले नाही, एवढेच.